डब्यातला कूलर

मनकर्णाने त्या डब्याचं दार पहिल्यांदा उघडलं, तेव्हा आतून असा भपकारा आला की तिचा हात आपोआप पदराकडे गेला. नव्या रेक्झिनचा वास, चिकटवायच्या सोल्युशनचा वास, त्यावर कुणीतरी सढळ हाताने मारलेला गुलाबाचा फवारा, आणि या सगळ्याखालून फिनाईल. फिनाईल कशाला, ते तिला लगेच दिसलं. पलंगाच्या उशाशी, एका फुलाफुलांच्या पडद्याआड, प्लास्टिकचा संडास ठेवलेला होता. झोपल्या झोपल्या हात लांब केला तर झाकणाला लागेल एवढ्या अंतरावर.

"हे काय वो, अंकुरभाऊ?" तिने नाकावरचा पदर न काढता विचारलं.

"पोर्टेबल आहे, ताई. पाहुण्यांना रात्री वावरात जायला नको."

"अन् झोपाचं इथंच?"

"हो, मग! सगळं एका जागी. हीच तर मजा आहे."

मनकर्णाला शिसारी आली. शेजारी याच्या बापाचं चार खोल्यांचं घर, दारात डेरेदार कडुलिंब, आणि माणसं गाडीला जोडायच्या या पत्र्याच्या डब्यात, संडासाला डोकं लावून, हौसेने झोपायला येणार! पण तिला काय करायचं होतं? तिला अकोल्याहून बोलावलं होतं ते डबा थंड करून द्यायला, त्याची अब्रू काढायला नव्हे.

अंकुर म्हणजे शेतमालक जानरावांचा मुलगा. आठ वर्षं पुण्यात राहून परत आला, आणि पातूरजवळच्या शेतात बांधालगत हा छोटा कॅम्पर आणून उभा केला. गुंफा बघायला येणारी माणसं इथे मुक्काम करतील, असा त्याचा बेत. बेत वाईट नव्हता. वाईट होता तो मुहूर्त. याने डबा आणला ऐन चैत्रात, आणि मे उजाडेपर्यंत त्याच्या पत्र्यावर पापड भाजून घ्यावा अशी गत झाली. पहिले पाहुणे ठरले होते शनिवारचे. अमरावतीच्या राजापेठेतलं नवं जोडपं.

मनकर्णाचं दुकान अकोल्याला. कूलर तयार करायचे, जुन्यांच्या गवताच्या ताट्या बदलायच्या, पंप दुरुस्त करायचे. मूळ धंदा नवऱ्याचा, धर्मपालचा. तो गेल्याला बारा वर्षं झाली होती, पण पातूरपासून दर्यापूरपर्यंत अजून लोक 'धर्मपालचा कूलर' असंच म्हणायचे. धर्मपालची एक रीत होती. कूलर खिडकीत बसवला, सुरू केला, की तो पैसे मागायच्या आधी समोरच्या खिडकीशी जाऊन विडी पेटवायचा. धूर बाहेर ओढला गेला तर काम झालं. घुटमळला तर पुन्हा हत्यारं काढायची. मनकर्णा विडीऐवजी अगरबत्ती लावायची, एवढाच फरक. तेवढ्यासाठी तिच्या पिशवीत पुडा असायचाच.

"कूलर बाहीर बसवा लागते, भाऊ," ती म्हणाली. "बाहीरची कोरडी हवा ताटीतून आत येते अन् समोरून निंगून जाते. हवेले जायले वाट पायजे."

अंकुर हसला. लहान पोराला समजावताना हसतात तसा. "ताई, बाहेर बसवला तर फोटोत किती घाण दिसेल. आणि खिडकी उघडी ठेवली तर सगळी थंडी बाहेर नाही का जाणार?"

"जाऊ द्या लागते."

"हे बघा." त्याने मोबाईल तिच्या नाकासमोर धरला. कुठल्याशा परमुलखातला एक गोरा माणूस असल्याच डब्यात, टेबलावर कूलर ठेवून, गार पेय पीत बसला होता. "आतच ठेवलाय ना त्याने? मग?"

मनकर्णा त्या गोऱ्याकडे बघत राहिली. याच अंकुरच्या घरी धर्मपालने खिडकीत कूलर बसवला होता, आणि हे पोरगं दर उन्हाळ्यात त्याच्यासमोर उघड्या अंगाने, दारं सताड उघडी टाकून झोपायचं. ते सगळं विसरून आता हा तिला मोबाईल दाखवत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणखी दोन वाक्यं बोलली असती तर कदाचित त्याला पटलंही असतं. पण बोलायची तिला किळस आली. या माणसाची, त्याच्या फवाऱ्याची, त्या झाकणवाल्या संडासाची. असल्यापुढे तोंड कशाला वाजवायचं?

"तुमची मर्जी," ती म्हणाली आणि कामाला लागली.

कूलर आतच बसवला. अंकुरने उत्साहाने खिडक्यांच्या फटींना स्वतःच्या हाताने टेप लावली, छताच्या झरोक्यालाही लावली. थंडी जाऊ नये म्हणून! शेवटचा स्क्रू आवळताना मनकर्णा पुटपुटली, "मरा तिकडं उकडून." अगरबत्तीचा पुडा तिने पिशवीतून काढलाच नाही. धूर कुठे जाणार हे तिला न लावताच ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी अंकुरचा फोन आला. आतल्या भिंतींना पाणी सुटलंय, गादी दमट लागते, जरा येऊन बघा. मनकर्णाला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोला, तिला गुदगुल्याच झाल्या. तोंडाला स्कार्फ गुंडाळून तिने स्कुटी काढली आणि पातूरच्या रस्त्याने काय काय ऐकवायचं याची उजळणी करत निघाली. वाटेत स्कुटी पंक्चर झाली, दुकान सापडेस्तोवर ढकलत न्यावी लागली, आणि शेतात पोचायला भर दुपारचा एक वाजला. झळ अशी की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

अंकुर घराच्या पडवीत पंख्याखाली बसला होता. तिला बघताच त्याने मोबाईल उंचावला.

"या ताई! बाहेर चव्वेचाळीस, आत छत्तीस! आत मीटर लावलाय, इथे बसून दिसतं. आठ डिग्रीचा फरक. ओल आहे थोडी, पण कूलर तुमचा एक नंबर!"

"आत कोनी हाय का?"

"पुंजाजी. टेस्ट घेतोय. पाहुणे दुपारचे झोपणारच ना, म्हणून म्हटलं दोन-अडीच तास कसं वाटतं ते बघू. तेवढाच म्हाताऱ्याला आराम."

पुंजाजी म्हणजे शेताचा राखणदार. सत्तरीचा. सगळे उन्हाळे याने बांधावरच्या लिंबाखाली, डोक्याला ओला दुपट्टा बांधून काढलेले. त्याला कधी ऊन लागल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"कवापासून हाय तो आत?"

"साडेदहा-अकरा..."

मनकर्णा पळाली. पायातली एक चप्पल पडवीतच राहिली, आणि तापल्या मातीत पाय पोळतोय हे तिला बरंच नंतर कळलं.

दार उघडताच वाफ अंगावर आली, कुकरचं झाकण काढल्यासारखी. आत भिंतींवरून पाण्याचे ओघळ उतरत होते. गुलाबाचा वास आंबला होता, आणि उशाशी तापलेल्या त्या संडासाने आपला खरा गुण दाखवायला सुरुवात केली होती. कूलर आपला इमानेइतबारे तीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढत आणि फेकत होता; असल्या दमट हवेत अंगावरचा घाम वाळत नाही आणि अंग आतून तापत जातं. पलंगावर पुंजाजी उताणा पडलेला. धुतलेलं धोतर नेसून आला होता. पाहुण्यांच्या चादरीला सुरकुती पडू नये म्हणून हात छातीवर घेऊन, अंग आखडून पडला होता. उशीवर ओकारी झाली होती. डोळे अर्धे उघडे, आणि ओठ हलत होते.

"तानू... दार लाव वो... बैल सुटला..."

तानुबाई म्हणजे त्याची बायको. ती तर तिकडे गावात, घरी होती.

मनकर्णाने त्याच्या काखेत हात घातले. ओकारी तिच्या पोलक्याला लागली, मानेला लागली. तिला किळस आली नाही. किळस यायला सवड लागते.

"पाय धरा!" ती मागून आलेल्या अंकुरवर ओरडली. "पाहाता काय? धरा!"

दोघांनी त्याला लिंबाखाली आणला. मनकर्णाने त्याची बंडी फाडूनच काढली, बादलीने कूलरच्या टाकीतलं पाणी उपसून त्याच्या अंगावर ओतलं, मानेला, काखेत ओली फडकी कोंबली. अंग तव्यासारखं लागत होतं.

"कूलर बाहीर आना!"

"वायर पुरेल का, ताई?"

"आना म्हनते ना!"

वायर पुरली. लिंबाच्या सावलीत, उघड्यावर, टाकीत घागरभर नवं पाणी पडलं आणि कूलर सुरू झाला. मागून कोरडी झळ आत शिरली आणि पुढून असा गार झोत निघाला की मनकर्णाच्या ओल्या हातांवर काटा आला. तोच कूलर होता. त्याच ताट्या, तोच पंप. रुग्णवाहिका येईपर्यंत पाऊण तास ती त्या झोतासमोर पुंजाजीला भिजवत राहिली, आणि अंकुर पाणी आणत राहिला. अर्ध्या तासाने पुंजाजीचे डोळे एका जागी ठरले. त्याने मनकर्णाकडे पाहिलं, पण ओळखलं नाही.

पातूरच्या सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत गार केलं म्हणून हाती लागला, आणखी अर्धा तास तसाच राहता तर अवघड होतं. तानुबाई गावातून धापा टाकत आली आणि खाटेच्या पायथ्याशी बसून नवऱ्याचे तळवे चोळू लागली. 

अंकुर मनकर्णाला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला. त्याचा चेहरा उतरला होता, ओठ सुकले होते. पण बोलला ते असं:

"ताई, कुणी विचारलं तर... म्हणजे, कूलर तसा तुम्हीच बसवला होता ना?"

मनकर्णाने त्याच्याकडे पाहिलं. एखादं पान उलटावं आणि खाली किड्यांच्या अंड्यांचा पुंजका निघावा, तसं तिला झालं. थुंकावंसं वाटलं. आत जाऊन डॉक्टरांसमोर, तानुबाईसमोर, साऱ्या दवाखान्यासमोर याची अब्रू काढायची असं ठरवूनच ती वळली. कुणाच्या हाताने टेप लागली, कुणी मोबाईल दाखवला, कुणी म्हाताऱ्याला आत निजवलं, सगळं. वाक्यं तोंडात तयार होती.

खाटेवर पुंजाजी शुद्धीवर आला होता. तिला पाहून तो ओशाळला.

"माया पायी तुले लय तरास झाला, बाई. तुयं लुगडं खराब केलं म्या."

"तुमी काहून पडून राह्यले वो आत, बाबा?" मनकर्णा म्हणाली. "दार तं नुसतं लोटेल होतं. कडी नोती लावेल."

"दोनदा वाटलं उघडा म्हून. जीव घाबरून राह्यला होता." त्याने दम घेतला. "पन मालक म्हने, बाईनं बसवला हाय, बंदच ठेवा लागते. म्या म्हटलं, धर्मपालच्या घरची बाई हाय ते. आमच्या गावात तीस सालं त्याचे कूलर चालले. चूक बसवनार नाई. आपल्यालेच समजत नसंन."

अंकुर दाराशी येऊन उभा होता. त्याची मान खाली होती. आता बोलायची वेळ होती, सगळे ऐकायलाही होते, आणि तयार वाक्यं मनकर्णाच्या तोंडातच राहिली. बंद ठेवायला तिने सांगितलं नव्हतं, हे खरं. उघडं ठेवा म्हणून एकदाच सांगून ती गप्प बसली होती, हेही खरं. आणि 'मरा उकडून' हे शब्द तिचेच होते.

"चूक बसवला म्या, बाबा," ती म्हणाली. "मले मालूम होतं."

तानुबाईचे हात थांबले. पुंजाजी रागावला नाही. त्याला खरंच समजत नव्हतं.

"मंग बोलली काहून नाई वो?"

उत्तर होतं तिच्याकडे. किळस आली म्हणून. एका पोराच्या तोऱ्याची, गुलाबाच्या वासाची, प्लास्टिकच्या एका भांड्याची किळस आली म्हणून ती गप्प बसली. एवढंच होतं उत्तर. त्या म्हाताऱ्याच्या हातावर सुई चिकटपट्टीने बांधलेली होती, आणि चादरीला सुरकुती पडू नये म्हणून तो इथेही अंग आखडूनच निजला होता. त्याच्यासमोर ते उत्तर तिच्या तोंडून निघेना. तिच्या पोलक्याला ओकारीचा वास येत होता. तो एवढा वेळ तिला जाणवला नव्हता, आता जाणवला, आणि त्याहून जास्त तिला स्वतःचीच घाण वाटली.

ती दाराकडे वळली.

"राजापेठवाल्यायले फोन करा, येऊ नोका म्हना," ती अंकुरला म्हणाली. "सकाळी पत्र्याची कातर घेऊन येईन. समोरासमोरच्या दोन्ही भिंती कापा लागतीन."

"दोन्ही?" अंकुरच्या तोंडून निघून गेलं.

"हवेले जायले वाट पायजे," मनकर्णा म्हणाली. मग तिने पुन्हा एकदा, मोठ्याने, खाटेवरच्या पुंजाजीलाही ऐकू जाईल असं तेच वाक्य सांगितलं.