परत म्हणा

“ताई, हा चौथा ग्लास आहे पाण्याचा. बोटीवर सारखं तुझ्याबरोबर बाथरूम शोधत फिरायला मी येणार नाही हं,” धाकटी म्हणाली आणि ब्रेडला लोणी लावत राहिली.

बाईंनी चौथा ग्लास संपवला आणि पाचवा भरून घेतला. त्या धाकटीच्या ताई होत्या, पण बाकी जगाला बाईच. हॉस्पिटलच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तेहतीस वर्षं काढून सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झालेल्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं, धाकटीचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि आयुष्यात एकदा तरी परदेश बघायचा असं ठरवून दोघी कालच या गावात येऊन पोचल्या होत्या. हॉटेलात कुणाचीच भाषा यांना कळत नव्हती आणि यांची कुणाला. धाकटीला त्याची मोठी गंमत वाटत होती, कारण शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या पोटाबद्दल मोठ्याने बोलता येत होतं.

“दहाची बोट,” ती म्हणाली. “सहा तास नुसतं पाणी आणि डोंगर. मध्ये कुठे उतरायचं नाही की काही नाही.” दोन्ही तिकिटं तिने सकाळपासून तीनदा पर्समधून काढून बघितली होती.

वायफायचा पासवर्ड वेटरने चिठ्ठीवर लिहून दिला होता. बाईंनी तो टाकला आणि फोन थरथरायला लागला तो थांबेचना. चौदा मिस्ड कॉल. सगळे लॅबचे.

लॅब कधी चांगली बातमी द्यायला फोन करत नाही. चांगले रिपोर्ट खिडकीजवळच्या ट्रेमध्ये पडून असतात, माणसं सवडीने येऊन घेऊन जातात. फोन जातो तो ज्यांच्याकडे सवड नाही त्यांना. असे हजारभर फोन बाईंनी स्वतः केले होते.

निघायच्या दिवशी दुपारी त्या लॅबमध्ये सगळ्यांचा निरोप घ्यायला गेल्या होत्या. तिथे चिमणीने त्यांना हात धरून खुर्चीत बसवलं. चिमणी बाईंच्या हाताखाली शिकलेली. आवाज चिमणीचा, पण हट्ट थेट बाईंचा उचललेला. “बाई, ब्लाउज बघा केवढा सैल झालाय.” “म्हातारपणी जरा बारीक झाले तर तुझ्या का पोटात दुखतंय?” असं म्हणून बाईंनी उडवून लावायला बघितलं, पण तोवर दंडाला पट्टा बसला होता आणि लघवीसाठी डबीही हातात आली होती. तहान, झोपेतून चारचारदा उठणं, उतरत चाललेलं वजन, या सगळ्याचा अर्थ त्यांना कळत नव्हता असं नाही. तीन महिने त्यांनी कानाडोळा केला होता, एवढंच. दुसऱ्यांचं रक्त तपासण्यात जन्म गेला आणि स्वतःचं बघायची छाती झाली नाही.

फोन पुन्हा वाजला.

“बाई! अहो होतात कुठे? जीव नुसता टांगणीला लागलाय माझा!”

“विमानात होते, आणि इथे वायफाय आत्ता लागलं गं. बोल.”

“कागद-पेन घ्या.” ही सुरुवातही बाईंनीच शिकवलेली. “साखर पाचशे अडतीस. लघवीत कीटोन, तीन अधिक. मी दोनदा लावलं, दुसऱ्यांदा नवीन किट उघडून. बाई, पोटात दुखतंय? मळमळतंय? आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठायचं. फिरणं बंद. आता परत म्हणा.”

“कळलं.”

“कळलं चालत नाही. परत म्हणा. नियम तुमचाच आहे.”

समोर धाकटी लोण्याची सुरी हातात धरून बघत होती. “कोण गं?” तिने खुणेने विचारलं.

“बरं, बरं,” बाई फोनमध्ये म्हणाल्या आणि त्यांनी तो बंद केला. “चिमणी. नीट पोचलात का, विचारत होती.”

“किती करते बिचारी तुझं,” धाकटी म्हणाली आणि तिकिटं चौथ्यांदा बघायला लागली.

बरं, बरं. हेच शब्द बाईंनी पूर्वी एकदा फोनवर ऐकले होते. वीस वर्षांपूर्वी त्यांनी आठ नंबरच्या वॉर्डमध्ये एका पेशंटची साखर फोनवर कळवली होती. पाचशे वीस. पलीकडचा घाईत होता, बरं बरं म्हणाला आणि त्याने बावन्न लिहिलं. साखर उतरलीय समजून पेशंटला वरून ग्लुकोज चढवलं गेलं. दुसऱ्या दिवशी बाई वॉर्डवरून गेल्या तेव्हा त्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. त्यांना कुणी बोल लावला नाही, फोन केल्याची वेळेसकट नोंद होती. पण त्या दिवसापासून समोरच्याने आकडा परत म्हटल्याशिवाय त्यांनी कधी फोन ठेवला नाही. मोठमोठे डॉक्टर चिडायचे. “बाई, मला शाळेत घातलंय का?” “घातलंय. परत म्हणा.”

आणि आज त्यांच्याच तोंडून तो आकडा निघत नव्हता. म्हटला की तो खरा होणार होता. शिवाय धाकटी. परक्या गावात रस्ता ओलांडतानाही ताईचा हात धरणारी. नवरा गेला तेव्हा कोणत्या कागदावर कुठे सही करायची तेसुद्धा ताईनेच बोटाने दाखवलं होतं. तिला काय सांगायचं?

साडेनऊला दोघी धक्क्याकडे निघाल्या. रस्ता सपाट होता तरी बाईंना धाप लागत होती. श्वास आपोआप खोल जात होता, थांबवू म्हटलं तरी थांबत नव्हता, आणि कीटोनचं विष रक्तात साचलं की असा श्वास लागतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाईंना मरणाची भीती वाटत होती. तिच्यात मोठेपणाचं काही नव्हतं. अंधाऱ्या खोलीत लहान पोराला वाटते तसलीच ती भीती होती. सहा तास पाण्यावर, मध्ये उतरायला जागा नाही. एवढं सगळं कळत असून पाय मात्र धक्क्याच्या दिशेनेच पडत होते.

कोपऱ्यावर औषधांचं दुकान दिसलं. “डोकं दुखतंय जरा. गोळी घेते,” म्हणत त्या आत शिरल्या, मागोमाग धाकटीही. शोकेसमध्ये साखर मोजायचं यंत्र होतं. बोलायला गेल्या ती डोकेदुखी, पण बोट त्या यंत्राकडे गेलं. दुकानदारीणबाईंनी एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, खुर्ची पुढे ओढली, बोटाला सुई टोचली, पट्टीवर थेंब घेतला आणि त्या कापूस आणायला आत वळल्या.

यंत्रावर आकडा उमटला. तो आधी धाकटीनेच वाचला.

“एकतीस पॉइंट दोन! अगं, साखर उतरलीय तुझी! तरीच म्हटलं घाम का येतोय. यांची एकदा चाळीस झाली होती तर डोळेच फिरवले होते त्यांनी.” बोलता बोलता तिने पर्सच्या आतल्या कप्प्यातून गोळी काढली. संत्र्याच्या चवीची, साखरेची. नवऱ्यासाठी ती कायम बाळगायची आणि तो गेल्यावरही तिने तो कप्पा रिकामा केला नव्हता. “आ कर. दोन मिनिटांत बरं वाटेल. बोट अजून मिळेल आपल्याला.”

गोळी ओठांपाशी आली. खोटं कशाला बोला, क्षणभर बाईंना वाटलं की तोंड उघडावं. धाकटी हसेल, दोघी बोटीत बसतील, आणि जे व्हायचं ते डोंगर बघता बघता होईल.

त्यांनी धाकटीचं मनगट धरलं.

“हे आपल्याकडचं एकतीस नाही. इथलं माप वेगळं. अठराने गुणायचं.”

“म्हणजे?”

“म्हणजे पाचशे साठ. चिमणी मघाशी तेच सांगत होती. परवाच्या रक्तात पाचशे अडतीस होती, लघवीत कीटोन, तीन अधिक. आता वाढलीय. परत म्हण.”

“असलं काय बोलतेस गं…”

“परत म्हण. अर्ध्या तासात मी बोलायच्या अवस्थेत नसले तर इथे कोण सांगणार माझं? तूच ना?”

“मला यांची भाषा येत नाही, ताई.” धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“लिही. आणि आकड्यापुढे माप लिहायला विसरू नकोस, नाहीतर हे तुझ्यासारखंच वाचतील. मला भीती वाटतेय गं. म्हण ना एकदा.”

ताईच्या तोंडून ‘भीती’ हा शब्द धाकटीने उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. तिने गोळी मुठीत आवळली. “पाचशे अडतीस,” ती म्हणाली. आवाज फाटला म्हणून तिने घसा खाकरून पुन्हा सुरुवात केली. “पाचशे अडतीस. कीटोन, तीन अधिक. आता पाचशे साठ.” मग हाताला लागला तो पहिला कागद, बोटीचं तिकीट, तिने उलटं करून काउंटरवर ठेवलं आणि बाई सांगतील तसं इंग्रजीत लिहून काढलं, मापासकट.

दुकानदारीणबाई कापूस घेऊन आल्या, यंत्र बघून जागच्या जागी थबकल्या आणि फोनकडे धावल्या. अँब्युलन्समध्ये चढताना धक्क्याकडून बोटीचा भोंगा ऐकू आला. धाकटीने मान वळवली नाही.

हॉस्पिटलात बाईंच्या हाताला सलाईन लागलं, दुसऱ्या हातातून रक्त गेलं. नळीवर चिकटवलेलं नाव आपलंच आहे ना, हे त्यांनी सवयीने वाचून घेतलं. जीभ टाळूला चिकटत होती आणि छत मधूनच दूर जात होतं. धाकटी पायथ्याशी खांबासारखी उभी होती. जो पांढरा कोट जवळ येई त्याच्यापुढे ती तिकीट धरी आणि ठणठणीत मराठीत सांगे, “पाचशे अडतीस. तीन अधिक.” फरशी पुसायला आलेल्या माणसालाही तिने ते सांगितलं. त्यानेही बादली खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं.

बाईंचा फोन वाजला तेव्हा तो धाकटीने उचलला. “मी ताईची बहीण. आम्ही हॉस्पिटलात आहोत. पाचशे अडतीस, तीन अधिक. म्हटलं बघ परत.” पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

तेवढ्यात नर्सच्या टेबलावरचा फोन वाजला. रक्त जाऊन पाऊण तास झाला होता. नर्सने फोन मानेत धरला आणि कागद ओढून भराभर लिहिलं. मग ती थांबली. लिहिलेल्यावर बोट ठेवून एकेक शब्द सुटा करत काहीतरी म्हणाली आणि पलीकडच्या होकाराची वाट बघत राहिली.

“काय म्हणाली गं?” धाकटीने बाईंचा हात घट्ट धरला. “चांगलं की वाईट?”

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच आकडा कानावर पडूनही त्यांना कळला नव्हता. “पण परत म्हणाली.”

फोन ठेवून नर्स उठली आणि कागद घेऊन झपझप त्यांच्याकडे यायला लागली. बाईंनी डोळे मिटले. धाकटीने मिटले नाहीत. पहिल्या तिकिटावर आता जागा उरली नव्हती. तिने पर्समधून स्वतःचं तिकीट काढलं, उलटं केलं आणि पेनाचं टोपण दातांनी उघडलं, कारण दुसरा हात ताईच्या हातात होता.