हाताने तोडलेली फांदी

आईच्या चुका दुरुस्त करायच्या, आणि त्याही आईच्याच खुर्चीत बसून, हे काम तिने तीन आठवडे या ना त्या कारणाने पुढे ढकललं. आधी कपाटं पुसून झाली, मग भिंग पुसून झालं, मग पुसायला काही उरलंच नाही.

खोली वाळवलेल्या झाडांची. लोखंडी कपाटांत जाड कागदांच्या थप्प्या, प्रत्येक कागदावर टाके घालून बसवलेली फांदी आणि कोपऱ्यात चिठ्ठी: हे झाड कोणतं, कुणी ओळखलं. पुढे कुणाला ते वेगळं वाटलं, तर त्याने आपली चिठ्ठी खाली डकवायची. जुनी मात्र काढायची नाही, ही तिथली रीत.

आई या टेबलावर चौतीस वर्षं बसली. गेल्या हिवाळ्यात ती गेली, आणि शेजारच्या टेबलावर काम करणारी तिची मुलगी इकडे आली.

सूर्यफुलाच्या कुळातलं, इथल्याच डोंगरांवर वाढणारं एक कमरेएवढं जांभळ्या फुलांचं झुडूप होतं. आई म्हणायची, ते एकच आहे. आता एका नव्या तज्ज्ञ बाईंचं म्हणणं होतं की ती दोन आहेत. या फुलांच्या बुडाशी बारीक हिरवी पानं कौलांसारखी एकावर एक बसलेली असतात. एका झुडपात त्यांची टोकं ताठ, दुसऱ्यात बाहेर मुरडलेली. आईला हा फरक दिसत नव्हता असं नाही. पण तिच्याकडे एक कागद होता. त्यावर एकाच झुडपाच्या दोन फांद्या होत्या, एक ताठ आणि एक मुरडलेली. त्या कागदाच्या जोरावर चोवीस वर्षं तिने कुणाला दाद दिली नाही.

"किती कागद राहिले तपासायचे?" काकांनी विचारलं. काका म्हणजे फांद्यांना टाके घालणारे. आईला ते ताई म्हणत आणि हिला लहानपणापासून धाकट्या बाईसाहेब.

"एक्केचाळीस."

"काल किती होते?"

"एक्केचाळीस."

"प्रगती आहे."

मग मात्र तिने पहिला कागद ओढला. ताठ. दुसरा, ताठ. तिसरा, मुरड. दुपारपर्यंत तिची मान अवघडली, पण डोळे सरावले, आणि खूप दिवसांनी आपण दोन तास कशाचाही विचार केला नाही हे तिच्या लक्षात आलं. चाळीस झाले. शेवटी आईचा तो कागद उरला.

"तेवढा एक नीट बघा," तज्ज्ञ बाई फोनवर म्हणाल्या होत्या. "तो खरा असेल तर माझंच चुकलं."

तिला मनातून तो खरा असायला हवा होता.

डावीकडची फांदी ताठ, उजवीकडची मुरडलेली. आई म्हणायची तस्संच. तिला बरं वाटलं. सहज म्हणून तिने भिंग खाली देठापर्यंत नेलं. डावा देठ तिरका, स्वच्छ कापलेला. आई नेहमी कात्रीनेच कापायची. "ओरबाडायला आपण काय शेळ्या आहोत?" हे तिचं ठरलेलं वाक्य.

उजवा देठ ओरबाडलेला होता. सालीची पट्टी लोंबत राहिलेली, आणि काकांनी तिलाही एक टाका घातलेला.

तिला आठवलं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. घरी कुणी नव्हतं, म्हणून आई तिला डोंगरावर घेऊन गेली होती. पाऊलवाटेच्या पलीकडच्या झुडपाची एक फांदी तिने पिरगाळ पिरगाळ पिरगाळून तोडली आणि वर्तमानपत्राच्या घडीत आईच्या फांदीशेजारी ठेवली, कारण आईच्या फांदीला फुलं कमी होती आणि कागद भरलेला बरा दिसला असता. मग शेळी म्हणवून घ्यायला नको म्हणून गप्प बसली.

आणि आता तिला हसू आलं, इतकं की भिंग खाली ठेवावं लागलं.

"काय झालं?"

"काका, ही उजवी फांदी आईची नाही. माझी आहे. पलीकडच्या झुडपाची."

काका येऊन वाकले. "मी तेव्हा विचारलं होतं ताईंना, कात्री विसरलात का म्हणून. म्हणाल्या, घाईत झालं असेल."

"आई कधी घाईत असायची?"

"कधीच नाही. पण आपल्या घडीत आहे म्हणजे आपणच ठेवलंय, असा भारी विश्वास."

"चोवीस वर्षं भांडली ती सगळ्यांशी. माझ्यामुळे."

"भांडायला आवडायचं त्यांना," काका म्हणाले. "ही फांदी नसती तर दुसरं काही शोधलं असतं."

तिने तज्ज्ञ बाईंना फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"त्या डोंगरावरून मुरडलेली त्याआधी कुणीच आणलेली नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे पहिली तुम्हीच."

"मी नऊ वर्षांची होते हो."

"चिठ्ठीवर वयाचा रकाना नसतो."

नियमाप्रमाणे दोन्ही फांद्या वेगवेगळ्या कागदांवर जायला हव्यात. काकांनी सुई शोधली, चष्मा शोधला, आणि ते काम उद्यावर टाकलं. तिने चिठ्ठी लिहायला घेतली. उजवी फांदी: मुरडलेली, गोळा केली, मुलीने. डावी फांदी: ताठ, आधीची ओळख बरोबर.

ही ओळ तिने जरा सावकाश लिहिली. मग मागे डिंक लावून चिठ्ठी आईच्या चिठ्ठीखाली बसवली आणि धरेपर्यंत अंगठ्याने दाबून ठेवली.