पात्रता नाही

“मुलीची पात्रता नाही,” कॉलेजच्या खिडकीतला कारकून म्हणाला आणि भोईवाड्याच्या मालनचं डोकंच फिरलं.

“कोणाची लायकी काढतोस रे?”

“लायकी नाही हो बाई, पात्रता. स्टॅटिस्टिक्सच्या दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला बी.एस्सी.ची तिन्ही वर्षं गणित लागतं. हिने दुसऱ्या वर्षीच सोडलंय.”

तिची लेक अक्षदा मान खाली घालून उभी होती. मालन मात्र त्या माणसाकडे बघतच राहिली. दुसऱ्या वर्षाच्या ॲडमिशनला याच खिडकीतून हाच म्हणाला होता, “मुलीच्या जातीला गणित कशाला? सोपा विषय घ्या.”

“म्हणजे लायकी तू तेव्हाच काढली होतीस,” मालन कडाडली, “आणि वर मी तुला थँक्यू म्हटलं होतं!”