पंचवीस पॉइंट तीन

योगीराजला पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात येऊन तीनच महिने झाले होते, तरी कामगार त्याला 'अण्णा' म्हणू लागले होते. चंदना सहा महिन्यांनंतरही 'मॅडम'च होती. हे तिला कुसळासारखं टोचायचं.

दोघंही शिकाऊ प्रोग्रामर, आणि पक्की जागा एकच. भगवंतराव साहेबांनी दोघांना सारखंच काम दिलं होतं: कामगार शाफ्टचा व्यास मोजून टॅबवर टाकतील, त्याचा प्रोग्राम लिहायचा. मग दोन्ही प्रोग्राम वेगवेगळ्या टेबलांवर दिवसभर चालवून बघायचे.

चंदनाच्या प्रोग्राममधला लूप, म्हणजे आकडा परत परत विचारणारा भाग, कडक होता. आकडा २४.९ ते २५.१ मिलिमीटरच्या बाहेर गेला की 'चूक, पुन्हा टाका'. हद्दीत येईपर्यंत सुटका नाही. योगीराजचा लूप अक्षरं पडली किंवा रकाना रिकामा राहिला तरच परत विचारी. 'इतका ढिला?' ती मनात हसली.

चार वाजता नोंदी निघाल्या. तिच्या एकशे चाळीस, सगळ्या हद्दीत. त्याच्यात अकरा भलत्याच, हद्दीबाहेरच्या.

"चंदनाचं काम स्वच्छ दिसतंय," साहेब म्हणाले. योगीराजचा चेहरा उतरला. तिला बरं वाटलं, अगदी आतून.

आणखी थोडं कौतुक ऐकावं म्हणून ती शाफ्ट तपासणाऱ्या अंबूबाईंकडे गेली.

"कसा वाटला माझा प्रोग्राम?"

"खरं सांगू, मॅडम? लई हट्टी. पंचवीस पॉइंट तीन मोजलं, तेच टाकलं, तर म्हणतो पुन्हा टाका. पुन्हा मोजलं, तेवढंच. चारदा झालं. शेवटी पंचवीस टाकलं, तेव्हा गप्प बसला!"

"आणि तो शाफ्ट?"

"तुमच्या टॅबनं पास केला की! टाकला पेटीत. असे सात-आठ असतील. अण्णानं आधीच विचारलं होतं, शाफ्टच जाड निघाला तर काय करता म्हणून."

चंदनाने कुणालाच काही विचारलं नव्हतं. पेटी सकाळी होसकोट्याच्या गिऱ्हाइकाकडे जाणार होती. ती गप्प राहिली असती तर जागा तिचीच होती. नळावर कप विसळणाऱ्या योगीराजकडे तिने क्षणभर पाहिलं, आणि ती साहेबांच्या टेबलापाशी गेली.

"सर, पेटी थांबवा. माझ्या नोंदी खोट्या आहेत. शाफ्टची चूक मी आकडा टाकणाऱ्याची चूक धरली."

साहेबांनी नोंदींचे दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि योगीराजचा उचलून खिशात घातला. जागा कुणाची, ते तिला कळलं.

ती पेटी उपसायला बसली, तेवढ्यात योगीराज मायक्रोमीटर घेऊन आला. "स्वल्प, थोडी सरक. अर्धे मला दे."

आणि तो मोजायला बसला. त्याने एखादा टोमणा तरी मारायला हवा होता, असं तिला वाटलं. तिने अर्ध्यापेक्षा जास्त शाफ्ट स्वतःकडे ओढून घेतले.