त्रेचाळिसाव्या आठवड्यातून सुटका

मी एक जुनी, फिकट तपकिरी गाडी आहे. मिशिगनच्या कारखान्यात तयार झाले आणि मिनेसोटातल्या एका लहान गावात मार्लिस आणि व्हर्लिन या नवरा-बायकोकडे आले. मित्रांनो, तेव्हा माझे फार कौतुक होते. व्हर्लिन दर शनिवारी मला धुवायचा. मार्लिस माझ्या सीटवर कुणाला काही खाऊ द्यायची नाही.

एका उन्हाळ्यात ते विस्कॉन्सिनमधल्या एका तलावाकाठच्या हॉटेलात गेले. तासभर हॉटेलच्या योजनेची माहिती ऐकली, तर अंगणात मांस भाजायची शेगडी फुकट मिळणार होती. मी पाच तास उन्हात उभी राहिले. ते बाहेर आले तेव्हा शेगडी डिकीत गेली आणि मार्लिसच्या मांडीवर कागदांची जाड फाइल आली. दरवर्षी फक्त त्रेचाळिसाव्या आठवड्यापुरती, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस, तिथली एक खोली आता जन्मभर त्यांची होती. राहा किंवा राहू नका, देखभालीचे पैसे दरवर्षी भरायचेच.

चार वर्षे मी त्यांना तिथे नेले. मग त्यांचा घटस्फोट झाला. घर आणि मी मार्लिसकडे राहिलो, शेगडी व्हर्लिनने नेली. तो आठवडा मात्र दोघांनाही नको होता, आणि दोघांच्याही नावावर होता. मार्लिस एकदा एकटी गेली आणि तिसऱ्याच दिवशी परत आली. तिने तो फुकट द्यायला काढला, तरी कुणी घेईना. चर्चच्या लिलावाला दिला, तर पाद्रींच्या बायकोने कागदांचे पाकीट माझ्या खिडकीतून हळूच परत केले.

"रागावू नकोस हं मार्लिस, पण हे आम्ही कुणाच्या गळ्यात मारायचं?"

घटस्फोटानंतर नऊ वर्षांनी हॉटेलच्या कंपनीचे पत्र आले. मार्लिसने ते माझ्यात बसूनच वाचले. दोघांनी नोटरीसमोर एकत्र सही केली, तर आठवडा परत घेऊ, असे लिहिले होते. व्हर्लिनच्या गुडघ्याचे नुकतेच ऑपरेशन झाले होते, म्हणून ती त्याला न्यायला गेली.

"गुडघा कसाय?"

"आहे."

नोटरी होती त्या बँकेपर्यंत दोघे एवढेच बोलले. पंधरा मिनिटांत बाहेर आले आणि माझ्यात नुसते बसून राहिले.

"झालं," व्हर्लिन म्हणाला. "त्या नोटरीबाईनं पेनसुद्धा लगेच मागून घेतलं."

"तुला काही वाटतंय?"

"नाही. तुला?"

"मलाही नाही. वाटेल असं वाटलं होतं."

मग व्हर्लिन म्हणाला, "दर ऑक्टोबरला तू फोन करायचीस. पैसे भरलेस का, म्हणून."

"आता नाही करणार."

"हो. ते आलं लक्षात."

मार्लिसने मला चालू केले. त्याच्या दारी तो सावकाश उतरला. माझा त्या बाजूचा दरवाजा पहिल्यांदा लागत नाही, थोडा उचलून ओढावा लागतो. त्याने तो उचलूनच लावला. मार्लिसने समोरचा रस्ता पाहिला आणि आम्ही निघालो.

आता मी बहुतेक आवारातच उभी असते. चाकांतली हवा कमी होते, काचेवर बर्फ साचतो. मित्रांनो, मला रोज धुवू नका, पण महिन्यातून एकदा तरी चालवा. आणि कुणी फुकट काही देऊन तुमच्यासमोर कागद ठेवला, तर सही करण्याआधी बाहेर येऊन आपल्या गाडीत दोघे मिळून बसा. आम्हा गाड्यांना कसलीच घाई नसते.