ओटिलियाबाईंचा डावा कान

"बाई, शाल राहू द्या हवं तर. मी आपला अंदाजाने दोन्ही कान काढतो," वाडग्यात रंग कालवत एव्हारिस्तो म्हणाला.

शाळेच्या भिंतीसमोर खुर्चीत ताठ बसलेल्या ओटिलियाबाई म्हणाल्या, "अंदाजाने? मी काय तेव्हा अंदाजाने ओरडले होते?"

चित्रकार ओशाळला. मेक्सिकोच्या सरकारने त्याला राजधानीतून या डोंगरात धाडलं होतं, शाळेच्या भिंतीवर गावाचंच चित्र काढायला. नांगर, मक्याची कणसं, बंदूकवाले शेतकरी काढून झाले होते. मधली जागा शिक्षिकेची होती. तिथला गिलावा सकाळीच लावला होता आणि तो वाळायच्या आत रंग भिनायला हवा होता.

दोन वर्षांपूर्वी धर्माच्या नावाने हत्यार उचललेल्या टोळीने बाईंना याच अंगणात धरलं होतं. सरकारी शाळा बंद कर म्हणाले. बाई नाही म्हणाल्या, तेव्हा त्यांनी डावा कान कापला. आठवड्याभराने बाईंनी पुन्हा शाळा उघडली, पण डोक्यावरची शाल त्यानंतर कुणासमोर उतरली नव्हती.

इतक्यात कासिल्दा म्हातारी तरातरा आत आली. त्या टोळीत तिचा मुलगा होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"मास्तरीणबाई, पोरगा माझा गोळी लागून मेला. आता भिंतीवर टांगताय होय त्याला? नात शाळेत पाठवायची नाही मी, सांगून ठेवते!"

"आजी, त्याचं तोंड कुठे काढतायत? माझाच कान काढतायत."

"नसलेला?"

"नसलेलाच."

एव्हारिस्तो कुंचला धरून नुसताच उभा होता.

"गिलावा वाळतोय, दादा," बाई म्हणाल्या. त्यांनी शाल उतरवून मांडीवर घेतली, केस वर बांधले आणि डावी बाजू त्याच्याकडे केली. म्हातारीने एकदा पाहिलं, आणि ती निघून गेली.

सोमवारी वर्ग भरला तेव्हा दाराशी कासिल्दा उभी होती. भिंतीकडे न बघता तिने नातीला आत ढकललं. पोरगी चित्राकडे आणि बाईंच्या उघड्या डोक्याकडे आळीपाळीने बघत राहिली.

"बाई, तुम्हाला ऐकू येतं?"

"येतं की," पुस्तक तिच्या हातात देत बाई म्हणाल्या. "पण जरा मोठ्याने वाच."

दाराबाहेर म्हातारी शेवटच्या ओळीपर्यंत उभी होती.