कुळथाच्या पिठाचा डबा

नाहूरच्या सहदेव परबांच्या घरी एकुलत्या एका कन्येच्या विवाहाची धांदल उडाली होती, आणि रुखवताची समस्त जबाबदारी वधूपित्याने आपण होऊन शिरावर घेतली होती. थर्माकोलचे बंगले आणि मण्यांचे मोर मांडणे त्यांना साफ नामंजूर होते. आपल्या घरातली जुनी भांडी मांडायची, आणि तीही भरून. कारण लेकीबरोबर रिकामे भांडे धाडू नये, ही परबांची पिढीजात रीत होती.

त्याप्रमाणे माळ्यावरून भांडी उतरली. चिनी मातीच्या थोरल्या बरणीत आंब्याचे लोणचे गेले. मिसळणाच्या लाकडी डब्यात मोहरी, हळद, हिंग आपापल्या खणांत बसले. फिरकीच्या तांब्यात, पूर्वी प्रवासात नेत तसे, पाणी भरायचे ठरले. राहिला तो कडीचा पितळी डबा. सहदेवांची आई गावाहून गिरणगावातल्या खोलीवर येई, तेव्हा हाच डबा कुळथाच्या पिठाने गच्च भरलेला असे. त्या पिठाच्या पिठीवर आणि भातावर चार भावंडे वाढली होती.

परंतु येथेच सहदेवांचे मन कचरले. व्याही मुलुंडचे, तीन पिढ्या कचेरीत खुर्चीवर बसलेले. त्यांच्यापुढे कुळीथ मांडायचा? आईचा डबा तर लेकीबरोबर गेलाच पाहिजे, आणि कुणी नाकही मुरडता कामा नये. म्हणून पत्नी वनमालाबाई आमंत्रणे देण्यासाठी कांदिवलीला बहिणीकडे राहिल्या असताना सहदेवांनी गावची उत्तम, मीठ लावलेली ओलसर आमसुले त्या डब्यात दाबून भरली. आमसुलांची नेहमीची बरणी काठाला टवका उडालेली होती. तिला कोण विचारतो!

लग्नाच्या आदल्या दिवशी वनमालाबाईंनी घरी परतताच डब्याची कडी उघडली.

"अहो, ह्यात आमसुलं कुणी घातली?"

"मी. झकास दिसतायत ना?"

"हिरवी पडलीत ती! आंबट आणि पितळ? व्याह्यांना विष घालताय की काय?"

"आतून कल्हई होती ना गं?"

"सासूबाई होत्या तेव्हा होती. आणि त्यांनी तरी कधी ह्यात आंबट ठेवलं होतं?"

"बाबा, यार!" प्रांजल हसत सुटली. "पहिल्याच दिवशी सासू हॉस्पिटलात. रेकॉर्डच झाला असता!"

"हसू नको गं. आता डबा राहू दे घरीच," वनमालाबाई म्हणाल्या.

ते शब्द सहदेवांच्या काळजात रुतले. ते डबा घेऊन मोरीत बसले. खाण्यातून गेलेली तीच आमसुले मुठीत धरून त्यांनी पितळ घासायला आरंभ केला. ज्याने डाग पाडला, त्यानेच तो काढला. डबा धुऊन, पुसून, उन्हात वाळवून त्यांनी आणला, तेव्हा त्यात त्यांचे तोंड दिसत होते.

"आता काय भरू?" त्यांनी विचारले.

वनमालाबाईंनी कुळथाच्या पिठाची बरणी पुढे सरकवली. "जे असायचं तेच."

"गरिबाचं खाणं म्हणतील गं."

"म्हणू देत," प्रांजल म्हणाली. "मला पिठी आवडते ना? मग काय न्यायचं ते मी ठरवणार."

दुसऱ्या दिवशी मुलुंडच्या कार्यालयात विहीणबाई, गंधालीताई, एकेक झाकण उघडून पाहत पितळी डब्यापाशी आल्या.

"हे हो कसलं पीठ?"

सहदेव ताठ उभे राहिले. "कुळथाचं, ताई. माझी आई ह्याच डब्यातून आणायची. आम्ही ह्याच्यावर वाढलो."

"अस्सं? मला वाटलं, लाडू असतील," असे म्हणून गंधालीताईंनी झाकण लावले आणि त्या पुढे सरकल्या.

पंगतीत सहदेवांना श्रीखंड गोड लागले नाही. तरी आपला आवाज कापला नाही, एवढे समाधान त्यांनी मनाशी घट्ट धरले.

पुढे श्रावण लागला आणि एका रविवारी जावई दारात उभा राहिला. त्याच्या हातात तोच डबा! परत धाडला तर, असेच सहदेवांना वाटले.

"या, अनयराव," ते कसेबसे म्हणाले आणि त्यांनी डबा हाती घेतला. तो चांगलाच जड होता.

"आईने दिलाय. पीठ संपलं," अनय चपला काढत म्हणाला. "बाबांना आता एक दिवसाआड पिठी लागते. भरून आण म्हणाली."

सहदेवांनी कडी काढली. थालीपिठाच्या खमंग भाजणीचा वास खोलीभर पसरला.

"आमच्या घरची आहे," अनय म्हणाला. "प्रांजलने बजावलं, परबांकडे रिकामं भांडं न्यायचं नाही."

सहदेवांनी डबा छातीशी धरला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून खणखणीत आवाज दिला, "अगो, ही भाजणी काढून घे! आणि कुळीथ भाजायला टाक!"

"आणि आमसुलं पाठवायची का?" आतून प्रश्न आला.

"पाठवू की. टवक्याच्या बरणीतून!"